एकाच गव्हाणीतल्या दोन गाई, फॅट वेगळा. पोटातले जीवाणू बदलता येतात का?

गव्हाण

राम राम मंडळी. वाळवा तालुका, छोटा गोठा, सहा संकरित एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई. त्यातल्या दोघी बहिणी, एकाच गाईच्या. थोरली तिसऱ्या वेताची, धाकटी दुसऱ्या. पंधरा दिवसांच्या फरकाने व्यायल्या, दोघींना आता तिसरा महिना चालू आहे. शेजारी शेजारी बांधतो. खुराक एकच: मुरघास, कडब्याची कुट्टी, मक्याचा भरडा, सरकी पेंड, वर चिमूटभर खनिज मिश्रण. तरी थोरलीचा फॅट ३.९ आणि धाकटीचा ३.०. धाकटी दूध दोन लिटर जास्त देते, पण दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बांधलेला, म्हणजे तिचं दूध एकटं घातलं तर मार खाणार. सगळ्यांचं एकत्र घालतो म्हणून निभावतंय.

परवा एक पावडरवाला आला होता. त्याचं म्हणणं, थोरलीच्या पोटात चांगले बॅक्टेरिया आहेत, धाकटीच्या नाहीत, आमची कल्चर पावडर महिनाभर चारा. डबा काही स्वस्त नव्हता. मी म्हटलं, चांगले बॅक्टेरिया थोरलीच्या पोटात फुकट पडलेत की, तेच काढून धाकटीला पाजले तर? गडी हसला, चहा प्याला आणि गेला. मला मात्र रात्री झोप येईना. असं खरंच करता येतं का? इथे कुणी जाणकार असेल तर सांगा.

माळरान

निवृत्त पशुवैद्यक आहे. उत्तराआधी माझेच चार प्रश्न. फॅटचा नमुना कसा घेतला? पहिल्या धारा पातळ, शेवटच्या घट्ट असतात, त्यामुळे पूर्ण दूध काढून, ढवळून नमुना घ्यायचा. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बघायचं, बहुतेक गोठ्यांत संध्याकाळचा फॅट थोडा वरच असतो. दुसरं, धाकटी निवांत बसलेली असताना रवंथ करते का? तिसरं, शेण कसं आहे, पातळ, फेसाळ, त्यात मक्याचे दाणे दिसतात का? चौथं, कुट्टी किती बारीक आहे?

आता जीवाणूंबद्दल. गाईच्या पोटाचे चार कप्पे, त्यातलं पहिलं कोटीपोट म्हणजे रुमेन. मोठ्या गाईत हे शंभर ते दोनशे लिटरचं पिंप धरा. आत ३९ अंशांच्या आसपास तापमान, प्राणवायू जवळपास नाही, सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६ ते ७. कडब्यातलं सेल्युलोज, म्हणजे चिवट तंतू, फोडणारं पाचक द्रव्य गाईच्या शरीरात बनतच नाही. ते काम आतले जीवाणू, बुरशी आणि एकपेशीय प्राणी करतात. चारा आंबवून त्यातून ते ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं सोडतात. ही आम्लं कोटीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण ७० टक्के वाटा त्यांतून येतो. ॲसिटिकपासून दुधातलं फॅट बनतं. प्रोपिऑनिकपासून यकृत साखर बनवतं, तीच पुढे दुधातली साखर होते, आणि दूध किती उतरणार हे त्यावर ठरतं.

शिवाय हे जीव रोज पुढच्या कप्प्यात वाहून जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. आतड्यात पोचणाऱ्या प्रथिनांचा निम्म्याहून मोठा हिस्सा हेच मेलेले जीवाणू असतात. फिनलंडच्या व्हर्टानेन यांनी १९६० च्या दशकात गाईंना प्रथिन म्हणून काहीच न देता नत्रासाठी जवळजवळ फक्त युरिया आणि अमोनियाचे क्षार दिले, तरी गाई दूध देत राहिल्या. (व्हर्टानेन म्हणजे १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले.) म्हणून लगेच युरियाची गोण फोडू नका, जास्त झाला तर विष आहे. चाऱ्यावर १०० किलोला ४ किलो या हिशोबाने प्रक्रिया करून २१ दिवस झाकून ठेवतात, ते प्रमाण शिकून घेऊनच करायचं.

शंकासुर

डॉक्टर, प्रतिसाद आवडला, पण हे आतले जीव मोजले कुणी आणि कसे? आत प्राणवायू जवळपास नाही म्हणता, म्हणजे तो लागला की हे मरत असणार, मग बाहेर काढल्यावर काय उरतं मोजायला?

पेट्रीडिश

याचं उत्तर देणं माझं कामच आहे, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.

हीच अडचण रॉबर्ट हंगेट नावाच्या अमेरिकन संशोधकाने सोडवली. त्यांनी परीक्षानळीतली हवा कार्बन डायऑक्साइडने हाकलली, आतल्या गरम अगारमध्ये (गार झाला की जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) नमुना मिसळला आणि नळी आडवी फिरवत फिरवत थंड केली. अगारचा पातळ थर नळीच्या आतल्या भिंतीवर बसतो आणि जीवाणूंच्या वसाहती त्यावर हवेशिवाय वाढतात. दिसायला साधी युक्ती, पण माणसाच्या आतड्यातले हवा न सोसणारे जीवाणू वाढवायलाही पुढे हीच वाट उपयोगी पडली. गाईच्या पोटासाठी शोधलेलं तंत्र आपल्या पोटापर्यंत आलं म्हणा.

आकडे असे: कोटीपोटातल्या एका मिलिलिटर रसात साधारण १० ते १०० अब्ज जीवाणू, आणि दहा हजार ते दहा लाख एकपेशीय प्राणी. हे प्राणी संख्येने कमी पण आकाराने दांडगे. विद्यार्थ्यांना दाखवायला एकदा रस थर्मासमध्ये आणला होता. गरम काचपट्टीवर थेंब ठेवला तर आठवडी बाजार! केसाळ, लंबगोल जीव एकमेकांना धक्के देत पळत होते. काचपट्टी गार झाली तशी पाचेक मिनिटांत सगळी हालचाल मंदावत गेली. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, बाजार उठला."

बुरशीची गंमत वेगळीच. हवेशिवाय जगणारी बुरशी असूच शकत नाही असं पुस्तकात होतं. तिचे शेपटीवाले बीजाणू लोक कितीतरी वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते आणि एकपेशीय प्राणी समजून पुढे जात होते. १९७५ मध्ये ब्रिटनच्या कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या कोटीपोटातल्या अशा जीवावर काम करून दाखवलं की ही बुरशी आहे. कडब्याच्या कडक धाटात मुळं खुपसून ती पोखरते आणि जीवाणूंना आत शिरायला भगदाड पाडून देते.

सायसाखर

वाचनखूण साठवली. माझ्या माहेरी पोळ्याला बैलांना पुरणपोळी चारतात. एका वर्षी घरच्या प्रत्येकाने आपापल्या हाताने चारली, कुणी मोजलीच नाही. दुसऱ्या दिवशी बैल उठेना. डाव्या कुशीवर हात दाबला तर आत पाणी डुचमळल्यासारखं. डॉक्टरांनी रात्रभर सलाईन लावलं तेव्हा वाचला. आजी म्हणत होती दृष्ट लागली. ते याच जीवाणूंचं काम का?

माळरान

होय. अशा केसेस मी पोळ्यानंतर आणि लग्नसराईत दरवर्षी बघत आलो. उरलेला भात, पोळ्या, बुंदी, सगळं माणुसकीने जनावरापुढे ओततात.

झटपट आंबणारं पीठ किंवा साखर एकदम आली की स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाचा जीवाणू भराभर वाढतो आणि लॅक्टिक आम्ल ओततो. हे आम्ल खाणारे जीवाणूही आत असतात, मेगास्फिरा त्यांतला एक, पण त्यांची वाढ सावकाश. ते फौज जमवेपर्यंत सामू ५ च्या खाली जातो, तंतू फोडणारे जीवाणू मरतात, कोटीपोट ढवळायचं थांबतं आणि अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. डुचमळ ती तीच. म्हणून खुराक बदलायचा तर दोन-तीन आठवडे हळूहळू बदला.

जनावर आडवं पडलं असेल तर घरच्या घरी बाटलीने सोड्याचं पाणी पाजायला जाऊ नका. श्वासनलिकेत गेलं तर ते आणखी मोठं दुखणं. डॉक्टरला बोलवा.

गव्हाण यांच्या धाकटीला हा आजार नाही. पण त्याची सौम्य, न दिसणारी आवृत्ती असू शकते. जनावर खातं-पितं, दूधही देतं, फक्त दिवसातले काही तास सामू ५.५ च्या आसपास घुटमळतो. कुट्टीचा प्रश्न मी त्यासाठीच विचारला. लांब चारा असेल तर गाय चघळते. दिवसाला शंभर-दीडशे लिटर लाळ गिळते, आणि त्या लाळेत सोडा असतोच, गाईने स्वतः बनवलेला. चघळणं कमी झालं की तो कमी पडतो.

गव्हाण

डॉक्टर, तुम्ही नाडी धरली राव. गेल्या दिवाळीत कडबाकुट्टी यंत्राची नवी पाती बसवली. कुट्टी इतकी बारीक पडते की भुसा म्हणाल. मीच कौतुकाने सगळ्यांना दाखवत होतो, काही वाया जात नाही म्हणून.

आणि आज पहाटे खुराक टाकून तासभर नुसता बघत बसलो. थोरली तोंड घालते आणि जे येईल ते खाते. धाकटी आधी जिभेने भरडा गोळा करते, मग पेंड, मग मुरघासातले दाणे. कुट्टी बाजूला लोटते. आणि ती लोटलेली कुट्टी कोण खातं? थोरली! दोघींचा खुराक एकच, हे मी वर लिहिलंय ते खोटं ठरलं. शेण धाकटीचं पातळच आहे, दाणेही दिसले.

तरी माझा मूळ प्रश्न तसाच आहे. पोटातला माल बदलला तर?

दूरदेशी

मूळचा कोल्हापूरचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये. तुमचा प्रश्न इथल्या शास्त्रज्ञांनाही पडला होता, आणि त्यांनी तो अगदी तुमच्याच पद्धतीने सोडवला.

आधी खिडकीवाली गाय. इथे संशोधनाच्या गाईंच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेने भोक पाडून रबरी झाकण बसवतात. गाय मजेत चरते, वर्षानुवर्षं जगते. मी एकदा खांद्यापर्यंत हातमोजा घालून हात आत घातला होता. वर गवताची जाड तरंगती गादी, खाली गरम रस, आणि दर मिनिटाला एक-दोनदा सगळा ढीग हाताला पिळून जातो. वास ताकाचा आणि मुरघासाचा मिळून.

अशाच गाईंवर पॉल वाइमर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१० मध्ये छापून आला. एकच खुराक खाणाऱ्या पण पोटातले जीवाणू वेगवेगळे असणाऱ्या गाईंच्या जोड्या घेतल्या. एकीचं कोटीपोट जवळजवळ पूर्ण रिकामं करून तो माल दुसरीत भरला, दुसरीचा पहिलीत. चोवीस तासांत प्रत्येकीचा सामू आणि आम्लांचं प्रमाण तिच्या स्वतःच्या जुन्या पातळीवर परत! जीवाणूंची वस्तीही काही आठवड्यांत बरीचशी मूळ रूपाकडे वळली. एका गाईला मात्र जवळपास दोन महिने लागले. गाई मोजक्याच होत्या, त्यामुळे फार ताणू नये, पण उत्तराची दिशा कळते.

शंकासुर

म्हणजे घरमालकीण गाय, भाडेकरू कितीही बदला, घराचे नियम तिचेच. मग पावडरचा डबा आणि थोरलीचा रस, दोन्ही पाण्यात. धागा संपला का?

पेट्रीडिश

थांबा, इतक्यात कुलूप लावू नका. उलटं उदाहरणही आहे, आणि ते आपल्या बांधावरच्या झाडाचं. सुबाभूळ!

सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. कोटीपोटात त्याचं डीएचपी नावाचं दुसरं द्रव्य होतं, आणि ते जनावराच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला बाधतं. केस गळतात, लाळ गळते, वजन उतरतं. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणाऱ्या गाईगुरांना हा त्रास व्हायचा, पण हवाईतल्या शेळ्या तोच पाला पोटभर खाऊन ठणठणीत. तिथले संशोधक रेमंड जोन्स यांनी डोकं चालवलं की फरक झाडात नाही, शेळीतही नाही, तिच्या पोटातल्या भाडेकरूत असणार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या शेळीच्या कोटीपोटातले जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले आणि त्रास थांबला. नुसता थांबला नाही, त्या जनावरांकडून कळपातल्या इतरांकडेही जीवाणू पसरले. १९९२ मध्ये त्या जीवाणूला नाव मिळालं, सिनर्जिस्टिस जोन्सी. ऑस्ट्रेलियातले पशुपालक हे विरजण पुढेही वापरत राहिले.

मग हवाईचा जीवाणू टिकला आणि विस्कॉन्सिनचे का उठले? मला वाटतं, सगळी मेख इथे आहे. ऑस्ट्रेलियाच्या गाईत डीएचपी फोडण्याची जागा रिकामी होती. कुणी उमेदवारच नव्हता. नवा आला, त्याला रोज खायला मिळालं, तो राहिला. धाकटीच्या पोटात तंतू फोडणारे आहेतच, पिढ्यान्‌पिढ्या बसलेले. त्यांना काम करायला लांब चारा आणि बरा सामू मिळत नाही एवढंच. तिथे आणखी चार कामगार नेऊन ते काय करणार?

आपल्या भागातलं दुसरं उदाहरण उसाचे वाढे. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. पण हळूहळू सवय लावली तर ऑक्झॅलेट खाणारे जीवाणू आतच वाढतात. ऑक्सॅलोबॅक्टर हा त्यातला नावाजलेला, १९८५ मध्ये त्याला हे नाव मिळालं. इथे तर बाहेरून कुणी आणावंही लागत नाही.

बांधावरून

सुबाभळीवरून आठवलं. उरुळीकांचनच्या बाएफने, म्हणजे मणिभाई देसाईंच्या संस्थेने, सुबाभळीचा केवढा प्रसार केला होता. आमच्या वडिलांनी तेव्हा बांधाला लावलेली झाडं अजून आहेत. तोडून तोडून हात दुखतात, पण शेळ्या खूश.

हिरवळ

या सगळ्यात मिथेनचं कुणी बोलत नाही. ढेकरा देऊन गाई जग तापवतात म्हणे. आणि आपल्या देशी गाई त्यात बसत नाहीत ना?

पेट्रीडिश

रवंथ करणारी सगळीच जनावरं बसतात, देशी-संकरित असा भेद आतल्या आर्कियांना (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) ठाऊक नाही. तंतू आंबताना हायड्रोजन सुटतो, तो साचला तर आंबवणं अडतं, म्हणून मिथॅनोब्रेव्हिबॅक्टरसारखे जीव त्याचं मिथेन करतात. बहुतेक वायू तोंडावाटेच जातो, मागून नव्हे. त्यात चाऱ्यातली काही ऊर्जाही जाते, म्हणजे तुमचा पैसाच. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' हे खाद्य बनवलंय, मिथेन १७ ते २० टक्के घटतं असं संस्था सांगते. गोबरगॅसच्या टाकीत वायू बनवून आपली चूल पेटवणारेही याच जीवांचे भाऊबंद. देशी विरुद्ध जर्सी यासाठी दुसरा धागा काढा, इथे नको.

सायसाखर

रिकाम्या जागेचं फार पटलं. मग वासरू जन्मतं तेव्हा तर सगळ्याच जागा रिकाम्या. तेव्हाच थोरलीचे जीवाणू दिले तर?

माळरान

उत्तम प्रश्न. वासराचं कोटीपोट जन्मतः लहान आणि बिनकामाचं असतं. सगळ्यात मोठं असतं ते चौथं, खरं पोट. दूध तर अन्ननलिकेच्या टोकाची खाच मिटून परस्पर तिकडेच जातं. गाय चाटते, वासरू आईची कास, गव्हाण, दावं चाटतं, तिथून वस्ती सुरू होते. पहिल्या आठवड्यापासून थोडं वासरांचं खाद्य ठेवलं की त्याच्या आंबण्यातून ब्युटिरिक आम्ल तयार होतं आणि कोटीपोटाच्या आतले बारीक कोंब वाढतात. चीक मात्र पहिल्या तासा-दोन तासांत, त्याला पर्याय नाही. पुढे कोण टिकेल यात गाईच्या आनुवंशिकतेचाही हात आहे. ब्रिटन, इटली, स्वीडन आणि फिनलंडमधल्या १०१६ गाईंचा २०१९ मधला अभ्यास हेच सांगतो. म्हणजे प्रयत्न करायचा तर लहानपणी, पण हमी नाही.

कोटीपोटाचा रस देणं आम्ही करतोच, फक्त आजारी जनावराला. पोट बंद पडलंय, आतली वस्ती मेली आहे, तेव्हा निरोगी गाईचा ताजा कोमट रस नळीने सोडतात. जागा खरोखरच रिकाम्या झालेल्या असतात. धाकटीला त्याची गरज नाही.

आणि तिचं फॅट का पडलं, तेही सांगून टाकतो. पूर्वी समजायचे ॲसिटिक कमी पडतं, एवढंच. आता दिसतं ते असं की पोट आम्लाकडे झुकलं की सरकी-मक्यातल्या तेलावर काम करणाऱ्या जीवाणूंची वाट बदलते. त्यातून असं एक स्निग्धाम्ल तयार होतं की ते अगदी थोडं जरी कासेपर्यंत गेलं तरी तिथलं फॅट बनणं मंदावतं. जीवाणू तेच, काम बिघडलेलं.

गव्हाण

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी, ऊसतोड आली होती.

पावडर घेतली नाही. रसही काढला नाही, आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, तुझ्या गाईला नाही, तुझ्या यंत्राला औषध दे. कुट्टी आता बोटाच्या एका पेराएवढी पाडतो. भरडा वरून टाकत नाही, मुरघास-कुट्टीत थोडं पाणी शिंपडून कालवून देतो, दिवसातून तीनदा. पहिले चार दिवस धाकटीने जिभेने उकरून उकरून बघितलं, मग नाद सोडला. दुपारी दोघी शेजारी बसून रवंथ करतात. शेण घट्ट झालं. दूध लिटरभर उतरलं.

फॅट तिसऱ्या आठवड्यात ३.३, काल सकाळी ३.४, संध्याकाळी ३.६. थोरली ३.९ वरच. तेवढा फरक राहणार असं दिसतंय.

संकलन केंद्रावरचा पोरगा दोघींच्या नमुन्याच्या दोन बाटल्या बघून वैतागतो, "काका, सगळ्यांचं दूध एकत्र, तुमचंच काय वेगळं?" म्हणतो. थोरली पुन्हा भरली आहे, कालवड झाली तर डॉक्टर, तुम्हाला पुन्हा त्रास देणार.

शंकासुर

लिटरभर दूध गेलं आणि फॅट वाढला. हिशोब मांडा की, हातात जास्त आले का कमी?

गव्हाण

मांडला. दुधाचे किंचित कमी आले. पण कुट्टी वाया जात नाही, भरडा दिवसाला किलोभर कमी लागतो. तो धरला तर वर आहे. थोडाच, पण वर.